हॉलमध्ये लखलखाट, पण ओट्यावर अंधार! घरातल्या कोणत्या जागेला कोणता लाइट लावायचा?

नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला की टाइल्स कोणत्या, ट्रॉलीला कोणता रंग, पडदे कसले यावर घरात महिनाभर चर्चा चालते. लाइटची वेळ येते तेव्हा इलेक्ट्रिशियन दारात उभा राहून विचारतो, "पॉइंट कुठे काढू?" आणि आपण छताकडे बोट दाखवून सांगतो, "भाऊ, मधोमध काढा एक." प्रत्येक खोलीत एक ट्यूब आणि हॉलमध्ये हौस म्हणून पीओपीत चार गोल लाइट, की विषय संपला.

त्रास राहायला गेल्यावर कळतो. भाजी चिरताना आपलीच सावली ओट्यावर पडते. बाथरूमच्या आरशात डोळ्यांखाली काळं दिसतं. आजी रात्री उठली की पॅसेजमध्ये भिंत चाचपत जाते. तोपर्यंत प्लास्टर आणि रंग झालेला असतो, नवा पॉइंट काढायचा तर भिंत फोडावी लागते. त्यामुळे लाइट विकत घेण्याआधी, आणि जमलं तर वायरिंगच्याही आधी, हे समजून घेतलेलं बरं.

वॅट विसरा, लुमेन वाचा

"किती वॅटचा देऊ?" हा दुकानदाराचा पहिला प्रश्न असतो. हा प्रश्न जुन्या पिवळ्या बल्बच्या काळातला आहे. तेव्हा ४०, ६०, १०० वॅट म्हटलं की किती उजेड पडणार याचा अंदाज सगळ्यांना होता. वॅट म्हणजे बल्ब किती वीज खातो त्याचं माप. तो उजेड किती देतो हे लुमेनमध्ये मोजतात. जुना ६० वॅटचा बल्ब साधारण ७०० ते ८०० लुमेन उजेड द्यायचा. तेवढंच काम आज ९ वॅटचा एलईडी करतो. रोज पाच तास धरले तर जुन्या बल्बचे महिन्याला ९ युनिट होतात आणि एलईडीचे दीडही होत नाहीत.

एलईडी आपल्याकडे घरोघरी पोचला तो केंद्र सरकारच्या उजाला योजनेमुळे. ५ जानेवारी २०१५ ला ती सुरू झाली आणि तिच्यातून ३६ कोटींहून जास्त बल्ब वाटले गेले. २०१४ च्या सुरुवातीला सरकारी खरेदीत एका बल्बची किंमत ३१० रुपये होती, ती पुढच्या दोन-अडीच वर्षांत ४० रुपयांच्या खाली आली. बल्ब स्वस्त झाले, वीज वाचली. पण खोलीच्या मधोमध एकच दिवा लावायची आपली सवय काही बदलली नाही.

जाता जाता एक गंमत. रात्रभर जळणाऱ्या लाल-हिरव्या 'झिरो बल्ब'ला आपण शून्य वॅटचा समजत आलो. तो जुना काचेचा झिरो बल्ब प्रत्यक्षात १२ ते १५ वॅट वीज घेतो, म्हणजे ९ वॅटच्या एलईडीपेक्षा जास्त. तुमच्या घरात अजून असेल तर आजच काढा. एलईडीचा नाइट लॅम्प अर्ध्या ते एक वॅटमध्ये भागवतो.

पांढरा की पिवळा?

बल्बच्या खोक्यावर २७०० के, ४००० के, ६५०० के असं काहीतरी छापलेलं असतं. हा 'के' म्हणजे केल्विन, प्रकाशाच्या रंगाचं माप. लोहाराच्या भट्टीतलं लोखंड आठवा. तापायला लागलं की आधी लाल होतं, मग नारिंगी, मग पिवळं आणि खूप तापलं की पांढुरकं. केल्विनचा आकडा तसाच चढतो. समईची ज्योत साधारण १९०० केल्विनच्या आसपास असते. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर, ज्याला दुकानात 'वॉर्म व्हाइट' म्हणतात. ४००० च्या आसपासचा 'नॅचरल व्हाइट'. आणि ६५०० म्हणजे निळसर झाक असलेला पांढरा, 'कूल डे लाइट'.

आपल्याकडे काही न सांगता बल्ब मागितला तर बहुतेक वेळा ६५०० चाच हातात पडतो. ट्यूबच्या उजेडात वाढलेल्या डोळ्यांना 'खरा उजेड' तोच वाटतो, आणि पिवळा लाइट म्हणजे व्होल्टेज कमी असल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात लुमेन सारखे असतील तर दोन्हींचा उजेड सारखाच असतो, फरक रंगाचा असतो.

हा रंग फक्त आवडीचा प्रश्न नाही. आपल्या डोळ्यांच्या पडद्यावर काही पेशी अशा आहेत ज्यांचं काम चित्र दाखवणं हे नाही, तर बाहेर दिवस आहे की रात्र हे मेंदूला कळवणं हे आहे. शास्त्रज्ञांनी त्या २००२ च्या सुमारास शोधल्या. निळसर प्रकाशाला त्या सगळ्यात जास्त प्रतिसाद देतात. रात्री अकरापर्यंत डोक्यावर लख्ख निळसर-पांढरी ट्यूब असेल तर झोपेची तयारी करणारं मेलाटोनिन उशिरा तयार होतं. एलईडीमुळे डोळे जातात, असे फॉरवर्ड फिरत असतात. घरातल्या साध्या वापरात तसं घाबरण्याचं कारण नाही. झोपेबद्दलची तक्रार मात्र खरी आहे.

ढोबळ हिशेब लक्षात ठेवायला सोपा आहे. काम करायच्या जागेला ४०००, आराम करायच्या जागेला २७०० ते ३०००. मला विचाराल तर घरात ६५०० ची गरज क्वचितच पडते.

दुकानात दिसलेली साडी घरी वेगळी का दिसते?

लग्नाची खरेदी केलेल्या प्रत्येक घरात हा वाद झालेला असतो. दुकानात डाळिंबी दिसलेली पैठणी घरी आल्यावर तपकिरीकडे झुकलेली दिसते. दुकानदाराने फसवलेलंच असतं असं नाही, बऱ्याचदा ही दिव्याची करामत असते.

पांढरा एलईडी मुळात निळा असतो. निळ्या चिपवर पिवळसर रसायनाचा थर देतात, दोन्ही मिळून आपल्याला पांढरं दिसतं. हा निळा एलईडी बनवणं इतकं अवघड होतं की त्यासाठी इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. स्वस्त बल्बमध्ये या मिश्रणात लाल रंग कमी पडतो. मग टोमॅटो मलूल दिसतो, माणसाचा चेहरा आजारी दिसतो आणि पैठणीचा रंग उतरतो.

रंग किती खरे दिसतात याचंही माप आहे, सीआरआय. ते १०० पर्यंत जातं. घरासाठी ८० च्या खाली जाऊ नका. स्वयंपाकघर, आरसा आणि कपाटासमोर ९० चा मिळाला तर थोडे पैसे जास्त द्या. खोक्यावर हा आकडा छापलेलाच नसेल, तर तो फार सांगण्यासारखा नसणार असं मी धरून चालते.

स्वयंपाकघर: लाइट आहे, पण पाठीमागे

घरात उजेडाची सगळ्यात जास्त गरज असलेली जागा ही, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षही इथेच. ओटा भिंतीला लागून असतो आणि ट्यूब खोलीच्या मध्यावर किंवा मागच्या भिंतीवर. ओट्याकडे तोंड करून उभं राहिलं की लाइट पाठीमागे जातो. विळी किंवा सुरी चालते ती नेमकी आपल्या सावलीत. तांदळातला खडा, भेंडीतली अळी, कोथिंबिरीतलं गवत, हे सगळं सावलीतच शोधायचं. वर भिंतीवरची कपाटं बसवली की छताचा उरलासुरला उजेडही अडतो. २० ऐवजी ४० वॅटची ट्यूब लावली तर काय होईल? सावली जिथल्या तिथेच राहील.

उपाय महागडा नाही. ओट्यावरच्या कपाटांच्या खालच्या बाजूला, पुढच्या कडेजवळ, एलईडी स्ट्रिप किंवा बारीक पट्टी लावायची. उजेड डोक्याच्या पुढून पडतो, सावली मागे जाते. नुसती उघडी स्ट्रिप चिकटवू नका. तिचे ठिपके ग्रॅनाइटमध्ये चमकतात, आणि फोडणीची वाफ आणि तेल बसून काही महिन्यांत ती चिकट होते. ॲल्युमिनियमच्या पट्टीत दुधी झाकण लावलेली स्ट्रिप घ्या, ओल्या फडक्याने पुसता येते. चिमणीला लाइट असतो, पण तो गॅसपुरता. चिरण्याची आणि भांडी घासण्याची जागा त्यात येत नाही. सिंकवर वेगळा लाइट लागतोच.

वरचं कपाट नसेल तर ओट्याच्या कडेच्या बरोबर वर, भिंतीपासून साधारण दीड-दोन फुटांवर छताला लाइट घ्या. नवीन घरात इलेक्ट्रिशियनला हे आधी सांगितलं तर खर्च फक्त एका जास्तीच्या पॉइंटचा.

मुलांचं टेबल: एक साधा हिशेब

एखाद्या जागेवर प्रत्यक्ष किती उजेड पडतो ते लक्समध्ये मोजतात. एका चौरस मीटरवर एक लुमेन पडला की एक लक्स. सलग वाचन-लेखनासाठी किमान ३०० लक्स असावेत असं धरलं जातं.

आता दहा बाय दहाची खोली घ्या. क्षेत्रफळ साधारण ९.३ चौरस मीटर. २० वॅटची एलईडी ट्यूब देते सुमारे २००० लुमेन. सगळा उजेड खाली आला असता तरी २१५ लक्सच झाले असते. पण भिंती, छत, पडदे, कपाट यांत बराच शोषला जातो. निम्मा पोचला असं समजलं तर वहीवर पडतात जेमतेम १०० लक्स. त्यात टेबल भिंतीला लावलेलं आणि ट्यूब पाठीमागे, म्हणजे इथेही वहीवर डोक्याची सावली.

ट्यूब बदलून हे सुटत नाही, पाच वॅटच्या टेबल लॅम्पने सुटतं. त्याचे साडेचारशे-पाचशे लुमेन फूट-दीड फुटावरून थेट वहीवर पडतात. उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाच्या डाव्या बाजूला लॅम्प ठेवा, डावखुऱ्याच्या उजव्या बाजूला, म्हणजे हाताची सावली अक्षरावर येत नाही. मात्र खोलीतला मोठा लाइट बंद करून फक्त लॅम्पवर अभ्यास नको. लख्ख वही आणि भोवती काळोख, यात डोळे लवकर थकतात.

कमी उजेडात वाचल्याने डोळे कायमचे बिघडत नाहीत, ताण मात्र येतो. मुलांच्या चष्म्याची काळजी असेल तर त्यांना बाहेर खेळायला पाठवा. मोकळ्या मैदानात दिवसा दहा हजार लक्सहून जास्त उजेड असतो, घरातला कोणताही दिवा त्याच्या जवळपास जात नाही. आणि बाहेर जास्त वेळ घालवणाऱ्या मुलांमध्ये लांबचं बघायच्या चष्म्याचं प्रमाण कमी दिसतं, असं संशोधन सांगतं.

आजी-आजोबांची रात्र

या लेखातली एकच गोष्ट करायची ठरवली तर ही करा.

वय वाढतं तशी बाहुली लहान राहते आणि डोळ्यातलं भिंग पिवळसर, गढूळ होत जातं. साठीतल्या माणसाच्या डोळ्यांच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या तुलनेत साधारण एक-तृतीयांश प्रकाश पोचतो. ज्या पॅसेजमध्ये तुम्हाला 'ठीक दिसतंय', तिथे त्यांना पायरीची कड दिसत नसते. शिवाय त्यांच्या डोळ्यांना अंधारातून उजेडात आणि उजेडातून अंधारात जुळवून घ्यायला जास्त वेळ लागतो. रात्री दोन वाजता बाथरूमची लख्ख पांढरी ट्यूब लागली की क्षणभर काही दिसत नाही, आणि ती बंद करून पॅसेजमध्ये आलं की परत काही दिसत नाही. ओल्या टाइल्सवर पाय सरकतो तो अशाच वेळी. या वयात खुब्याचं हाड मोडणं म्हणजे काय, हे ज्या घरात झालंय त्यांना सांगायला नको.

पलंगापासून बाथरूमपर्यंतच्या वाटेवर, जमिनीपासून फूटभर उंचीवर, पिवळसर मंद लाइट लावा. माणूस दिसला की लागणारे सेन्सरचे छोटे लाइट मिळतात. सॉकेटमध्ये बसणारे, किंवा चार्ज करून भिंतीला चिकटवायचे. उजेड खाली पडतो, डोळ्यांवर येत नाही, झोपही पूर्ण उडत नाही. बाथरूममध्येही मोठ्या लाइटशिवाय एक छोटा पिवळा लाइट वेगळ्या बटणावर ठेवा.

जिना असेल तर टू-वे स्विच हवाच. खाली एक बटण, वर एक. लाइट प्रत्येक पायरीची कड दाखवेल असा हवा, खाली उतरणाऱ्याच्या डोळ्यांत घुसेल असा नको. गावच्या घरी आणि जिथे लाइट वरचेवर जाते तिथे जिन्यात आणि बाथरूममध्ये बॅटरी असलेला 'इन्व्हर्टर बल्ब' लावा. नेहमीच्याच होल्डरमध्ये बसतो आणि वीज गेली तरी काही तास चालतो.

हॉल आणि बेडरूम

हॉलमध्ये गणपतीची आरास होते, मुलं लोळतात, पाहुणे येतात, कुणी लॅपटॉप घेऊन बसतं, रात्री सिनेमा बघितला जातो. हे सगळं एका बटणावर कसं भागणार? दोन-तीन वेगळी बटणं ठेवा. साफसफाई आणि पाहुण्यांसाठी एक मोठा लाइट, संध्याकाळसाठी पिवळसर कोव्ह किंवा कोपऱ्यातला उभा लॅम्प, आणि टीव्हीच्या मागे मंद पट्टी. अंधारात फक्त स्क्रीनकडे बघण्यापेक्षा मागे थोडा उजेड असला की डोळ्यांना बरं वाटतं.

पीओपी करताना एक चूक सर्रास होते. पंख्याच्या चारही बाजूंना डाउनलाइट बसवतात. पंखा छतापासून फूटभर खाली, लाइट त्याच्या वर. पाती उजेड कापत फिरतात आणि अख्खी खोली लपलपत राहते. लाइट पात्यांच्या घेरापासून लांब, भिंतींकडे घ्या. भिंतीवर पडलेला उजेड खोलीला मोठंही दाखवतो. भिंत गडद निळी किंवा चॉकलेटी केली असेल तर तेवढ्याच उजेडासाठी लुमेन जास्त लागणार, कारण गडद रंग प्रकाश गिळतो.

बेडरूमचं गणित सोपं आहे. पलंगावर आडवं झाल्यावर डोळ्यांत येईल असा एकही उघडा दिवा नको. दोन्ही बाजूंना पिवळसर लॅम्प, आणि मोठ्या लाइटचं एक बटण दाराशी, एक उशाशी. कपाटासमोर मात्र चांगल्या सीआरआयचा लाइट ठेवा, नाहीतर काळे आणि गडद निळे मोजे एकत्र धुवायला जातील. रंग बदलणाऱ्या आरजीबी पट्ट्यांबद्दल मी काही बोलणार नाही. रीलमध्ये छान दिसतात. चौथ्या दिवशी सगळे त्या पांढऱ्यावरच ठेवतात.

आरसा, देवघर, बाल्कनी

आरशाच्या वर छतात लाइट असेल तर भुवया, नाक आणि हनुवटीखाली सावली पडते. दाढी करणारे आणि मेकअप करणारे दोघंही वैतागतात. आरशाच्या दोन्ही बाजूंना, चेहऱ्याच्या उंचीवर लाइट लावा. व्हिडिओ कॉललाही हाच नियम, उजेड चेहऱ्याच्या समोर हवा.

देवघरात समईचा रंग टिकवायचा तर २७०० केल्विनचा छोटा लाइट पुरतो. पांढऱ्या लाइटसमोर ज्योत फिकी पडते. ज्योतीच्या बरोबर वर प्लॅस्टिकची पट्टी किंवा वायर नको, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

बाल्कनी, अंगण आणि बाथरूमच्या ओल्या भागासाठी खोक्यावर आयपी क्रमांक बघा. त्यातला पहिला आकडा धुळीपासून संरक्षणाचा, दुसरा पाण्यापासून. शिंतोड्यांना ४४ चालतो, उघड्यावर पाऊस झेलायचा असेल तर ६५ घ्या. कोकणातल्या पावसाला त्याहून कमी नकोच. पावसाळ्यात दिव्याभोवती किडे जमतात, तेही निळसर-पांढऱ्या प्रकाशाकडे जास्त ओढले जातात. पिवळसर लाइट लावला की पूर्ण थांबत नाहीत, पण कमी होतात.

विकत घेताना

बीआयएसचा नोंदणी क्रमांक आणि बीईईचं स्टार लेबल बघा. मग दुकानात बल्ब लावायला सांगा आणि मोबाइलचा स्लो मोशन व्हिडिओ काढा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे हलक्या दर्जाचा बल्ब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होत राहतो. डोळ्यांना ते थेट दिसत नाही, पण काही जणांचं डोकं दुखतं. व्हिडिओत काळे पट्टे सरकताना किंवा बल्ब लपलपताना स्पष्ट दिसला तर दुसरा मागा. डिमर लावणार असाल तर 'डिमेबल' लिहिलेलाच बल्ब लागतो, साधा बल्ब त्यावर गुणगुणतो, लपलपतो किंवा लवकर जातो.

एलईडी 'पंचवीस हजार तास चालतो' म्हणतात, मग दोन वर्षांत का जातो? बऱ्याचदा आतली चिप शाबूत असते, जळतो तो तिला वीज पुरवणारा ड्रायव्हर, आणि त्याचा शत्रू म्हणजे उष्णता. पूर्ण बंद काचेच्या गोळ्यात किंवा हवा न खेळणाऱ्या फॉल्स सीलिंगमध्ये बल्ब कोंडला की त्याचं आयुष्य घटतं. पीओपी करताना ड्रायव्हर हाताशी येईल अशी जागा ठेवायला सांगा, नाहीतर छोट्याशा डब्यासाठी छत कापावं लागतं.

भाड्याच्या घरात भिंत फोडता येत नसेल तर उभा लॅम्प, क्लिप लॅम्प, चिकटवायचे सेन्सर लाइट, आणि आहे त्या होल्डरमध्ये ६५०० ऐवजी ३००० चा बल्ब, एवढ्यावर बरंच काम होतं. सोडून जाताना सगळं सोबत नेता येतं.

जुनी ट्यूब किंवा सीएफएल काढलीत तर ती फोडून कचऱ्यात टाकू नका, त्यात पारा असतो. ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर द्या. चुकून फुटलीच तर खिडक्या उघडा, मुलांना खोलीबाहेर काढा आणि काचा झाडूने न झाडता जाड पुठ्ठ्याने गोळा करून, उरलेली पूड ओल्या कागदाने टिपून, बंद डब्यात भरा.